कटिंग परत काचेच्या ग्लासात: ठाण्यात जमेल का?

नौपाडाकर (धागाकर्ता)

जुलै २०२२ मध्ये राज्याने आतून प्लास्टिकचा थर असलेले कप-डिशही बंदीत घेतले आणि वर्षअखेरीस प्रमाणित कंपोस्टेबल (कुजून खत होणाऱ्या) मालाला सूट दिली. आता गोखले रोडवरच्या कुठल्याही टपरीवर कपांच्या पुड्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक शोधून बघा. त्यामुळे कागदी कपाला पर्याय काय हे बोलणं फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतं, कुल्हड किंवा 'इको' कप. माझं मत, दोन्ही सोडा.

ज्या ठिकाणी चहा आणणारा माणूस दिवसातून दोनदा परत येतोच, तिथे काचेचा ग्लास ठेवावा. म्हणजे वागळे इस्टेटचे गाळे, बँका, दवाखाने, वकिलांची ऑफिसं. दुपारचा चहा देताना सकाळचे रिकामे उचलायचे, वेगळी फेरी नाही. स्टेशनबाहेरच्या आणि तलावपाळीच्या गिऱ्हाइकाचं नंतर बघू.

हिशेब सोपा आहे. रोज १०० कटिंग, दोन फेऱ्यांत ५०-५०. ५० ग्लास बाहेर, ५० धुण्यात, १० फुटायला, असे ११० लागतील. ग्लास १५ रुपयांचा धरला तर १,६५० रुपये. कागदी कप ५० पैशांचा धरला तरी महिन्याच्या २६ दिवसांत १,३०० रुपये कचऱ्यात. दीड महिन्यात पैसे वसूल. सहा-आठ ग्लासांची तारेची स्टँड अजून मिळतात, तीच घ्यावीत. ट्रेमध्ये ग्लास एकमेकांवर आपटून कडा उडतात.

घोडबंदरचा टँकर

धुणार कोण आणि कुठल्या पाण्याने? घोडबंदर रोडच्या बऱ्याच संकुलांना उन्हाळ्यात टँकर लागतो. टपरीवाल्याला तर नळच नसतो, तो दोन कॅन पाणी विकत घेतो. त्यातलं एक चहाला, दुसऱ्यात दिवसभर ग्लास बुचकळायचे. त्या बादलीचं पाणी दुपारी चार वाजता कसं दिसतं ते डोळ्यांसमोर आणा. कोविडनंतर लोक कागदी कप मागून घेतात ते पर्यावरणाचे शत्रू आहेत म्हणून नव्हे, ती बादली त्यांनी पाहिलेली असते. कागदी कप दोन-तीन ग्रॅमचा आणि कोरा असतो, कुणाच्या तोंडाला लागलेला नसतो. हा गुण तुमच्या ११० ग्लासांच्या हिशेबात कुठेच नाही.

विसळणावळ

बादलीबद्दल तक्रार रास्त आहे, पण ती एका बादलीची आहे. पद्धत तीन टबांची, तिचे आकडे देतो.

आधी उरलेला चहा चाळणीतून ओतायचा, चोथा ओल्या कचऱ्यात. मग कोमट पाण्याने विसळायचं. एकदम कढत पाणी घातलं तर दुधाचा पापुद्रा काचेला धरतो आणि मग घासून निघत नाही. पहिल्या टबात साबण आणि बाटलीचा ब्रश, कारण ओठ लागतो ती कड हाताने नीट घासली जात नाही. दुसऱ्यात साधं पाणी. तिसऱ्यात क्लोरीन, १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर). ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर लिटरला अडीच मिली, म्हणजे १० लिटरला २५ मिली. ग्लास त्यात दोन मिनिटं पूर्ण बुडलेला हवा. मग जाळीवर उपडा.

चुका ठरलेल्या असतात. साबणातून थेट तिसऱ्या टबात ग्लास जातो. साबण आणि दूध क्लोरीन खाऊन टाकतात आणि टब नुसता वासापुरता उरतो. बाटली उन्हात ठेवली की तिचा जोर उतरतो, म्हणून लहान बाटली घ्यावी आणि तारीख बघावी. सगळ्यात वाईट म्हणजे खांद्यावरचं फडकं. निर्जंतुक केलेला ग्लास त्याने पुसला की सगळं पाण्यात गेलं. पुसायचंच नाही, निथळू द्यायचं.

पाणी: १५ लिटरचे तीन टब, दर १०० ग्लासांना बदलले तर ४०० ग्लासांना १८० लिटर, ग्लासामागे अर्ध्या लिटरहून कमी. वाहत्या नळाखाली यापेक्षा सहज जास्त जातं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर काचेवर पांढरी साय धरते. आठवड्यातून एकदा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवायचे. गिऱ्हाईक त्या सायीलाच 'नीट धुतलेलं नाही' म्हणतं.

मातीचा माणूस

एवढा सगळा खटाटोप टाळायचा तर कुल्हड आहेच की. पाणी नको, साबण नको, क्लोरीन नको, कुंभाराला काम. रेल्वेत २००४ मध्ये लालूप्रसादांनी आणला तेव्हा सगळे हसले होते, आज तंदुरी चहाच्या नावाखाली ठाण्यात त्याचे दुप्पट पैसे मोजतात. गिऱ्हाइकाची सवय बदलायची तर वस्तू आवडावी लागते. कुल्हड आवडतो. मातीतून आला, मातीत गेला.

खापर

मातीत जात नाही, हीच तर अडचण. साधारण ६०० अंशांवर भाजली की मातीच्या कणांत बांधलेलं पाणी कायमचं निघून जातं आणि ती पुन्हा चिखल होत नाही. नेवाशाला आणि तेरला उत्खननात सातवाहनकालीन खापरं निघाली ती याच गुणामुळे. दोन हजार वर्षांत विरघळली नाहीत, ती तलावपाळीच्या गटारात एका पावसाळ्यात विरघळतील का? आणि न भाजता चहा ओतलात तर हातात गारा येईल.

वजन बघा. कुल्हड ८० ग्रॅमचा धरा. रोज २०० गेले तर १६ किलो कचरा. तेवढेच कागदी कप अर्ध्या किलोच्या आसपास भरतात. भट्टीचं जळण आणि टेम्पोचं डिझेल वेगळंच. खापऱ्या कुटून कुंडीच्या तळाला घालता येतात, पाणी छान निचरतं, पण नौपाड्यात कुंड्या किती आणि कुल्हड किती?

आणखी एक. ८५ अंशांचा ८० मिली चहा २८ अंशांच्या कुल्हडात ओतला की माती उष्णता ओढून घेते आणि दोघं मिळून ७५ च्या आसपास येतात. 'कुल्हडातला चहा लगेच पिण्याजोगा होतो' म्हणतात त्यामागे एवढंच गुपित आहे.

मातीचा माणूस

मग काचेचा ग्लासही तेवढ्याच वजनाचा असतो. तो नाही ओढत उष्णता?

खापर

ओढतो, जवळजवळ तेवढीच. म्हणून तर जुने चहावाले ग्लासात आधी गरम पाणी फिरवून घ्यायचे. त्याचा दुसरा फायदा, गार ओल्या काचेत उकळता चहा पडला की तडा जातो, तो टळतो. टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेला, ग्लास जास्त सोसतो. स्टीलचा ४० ग्रॅमचा पेला चहाला जेमतेम तीन अंशांनी गार करतो, पण बोटं भाजतात. बशी त्यासाठीच होती.

ओला-सुका

मधला पर्याय राहिलाय, 'इको' कप. यात तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात.

पहिला साधाच कागदी कप, हिरवं पान छापलेला. घरी तपासा: कप रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी कागद बोटाने चोळून काढा. लगदा निघून जातो आणि हातात उरते ती कपाच्याच आकाराची पातळ पारदर्शक पिशवी. तो पॉलिथिनचा थर. सोसायटीच्या खतखड्यात कागद कुजतो आणि हा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा खतात उडत राहतो. भंगारवालाही घेत नाही. किलोभर रद्दीला चार-पाचशे कप लागतात, तेही ओले, आणि थर वेगळा केल्याशिवाय लगदा गिरणीला उपयोगाचा नाही.

दुसरा पीएलएचा, म्हणजे मका-उसासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकचा, थर असलेला. वरच्या चाचणीत यालाही पिशवी उरते, म्हणून पुड्यावरचं 'कंपोस्टेबल' आणि प्रमाणपत्राचा क्रमांक हाच पुरावा. पण पीएलए कुजायला ५८ अंशांच्या आसपास तापमान आठवडेच्या आठवडे लागतं. गच्चीवरच्या ड्रममध्ये ते टिकत नाही. गार पेयांचे पारदर्शक पीएलए ग्लास तर चहाने मऊ पडतात, कारण तो पदार्थ ६० अंशांच्या अलीकडेच ढिला होतो.

तिसरा उसाच्या चिपाडाचा. तिन्हींत खतासाठी बरा, पण गरम चहा बराच वेळ राहिला की तळ दमट होतो. कटिंगला चालेल, मीटिंगभर पुरवायच्या कॉफीला नाही.

आरोग्याच्या बाजूने एक आकडा नेहमी फिरतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात १०० मिली गरम पाणी कागदी कपात १५ मिनिटं ठेवल्यावर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण मोजले गेले. आकडा खरा आहे, पण कटिंग तीन-चार मिनिटांत संपते, आणि कण मोजले म्हणजे आजार मोजला असं नाही. एवढं सांगूनच तो वापरावा.

ऐरोली तिसरा मजला

महापे-ऐरोलीच्या ऑफिसात वेगळाच घोळ आहे. 'आपला मग आणा' असा ईमेल जातो, आठवडाभर मग येतात, मग टेबलावर तीन दिवसांचा चहा वाळलेले मग दिसतात आणि पुन्हा कागदी कप. कारण पॅन्ट्रीत एकच बेसिन असतं आणि मग धुणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. शिवाय चहाचं मशीन ७०-८० मिलीच्या मापावर लावलेलं. अडीचशेच्या मगात तो घोट तळाशी दिसतो, माणूस दोनदा बटण दाबतो आणि प्रीमिक्सचा खर्च वाढला म्हणून अ‍ॅडमिन मोहीम गुंडाळतं.

उपाय: मग घरून आणायला सांगू नका. ऑफिसचेच १२० मिलीचे, मशीनच्या नळीखाली बसतील असे कप ठेवा, माणसांच्या सव्वापट. २०० च्या वर माणसं असतील तर काउंटरखालचं ग्लास धुण्याचं मशीन. ५०० बाय ५०० मिमीच्या रॅकमध्ये ३६ ग्लास बसतात, एका फेरीला साधारण ३ लिटर पाणी, शेवटचं विसळणं ८२ अंशांवर. ग्लासामागे ८०-८५ मिली पाणी, म्हणजे कटिंगएवढंच! टँकरवाल्यांनी हा आकडा बघावा. फक्त विजेची वेगळी लाइन आधी ओढून घ्या. पॅन्ट्रीच्या साध्या सॉकेटवर लावलं की पहिल्याच दिवशी फ्यूज उडतो.

घोडबंदरचा टँकर

पाणी वाचलं, वीज गेली. ८२ अंशांचं पाणी कोळशाच्या विजेवर तापवून पर्यावरण वाचवायचं?

ऐरोली तिसरा मजला

प्रश्न बरोबर आहे आणि जुना आहे. कॅनडाच्या मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ मध्ये ऊर्जेचा हिशेब मांडला होता. कागदी कपाशी बरोबरी व्हायला काचेचा ग्लास १५ वेळा आणि चिनी मातीचा कप ३९ वेळा वापरावा लागतो. थर्माकोलशी बरोबरी करायला चिनी मातीला १,००६ वेळा. सगळा खेळ धुण्याच्या ऊर्जेचा. टपरीवरचा ग्लास दिवसात आठ-दहा वेळा फिरतो आणि गार पाण्यात धुतला जातो, तो दोन दिवसांत १५ ओलांडतो. ऑफिसात मशीन अर्धं रिकामं फिरवलंत तर मात्र तुमचा आक्षेप खरा. रॅक भरल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

सुट्टे पैसे

वस्तूवर खूप बोललात, माणसावर कमी. ग्लास आणणाऱ्याला रुपया सूट दिली तर काही होत नाही, कपाला रुपया जादा लावला तर होतं. कार्डिफ विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात कॉफीच्या दुकानांत हेच दिसलं. सवलतीचा परिणाम नाही, शुल्काचा झाला. माणसाला रुपया मिळाल्याचं सुख कमी, गेल्याचं दुःख जास्त.

टपरीवर याचं रूप असं: ग्लास समोर, कप ओट्याखाली. मागितला तर द्यायचा, ११ रुपये. पाटीवर 'कटिंग १०, कागदी कपात ११' असं लिहायचं. 'पर्यावरण वाचवा' लिहू नका, ती ओळ कुणी वाचत नाही.

नौपाडाकर

हे स्टेशनला चालेल का? तिथे लोक चहा घेऊन चालू पडतात. जर्मनीत फ्रायबुर्गने २०१६ पासून एक युरो अनामत घेऊन कप फिरवले.

सुट्टे पैसे

आपल्याकडे अनामत परत करताना अडकतं. गिऱ्हाईक यूपीआयने चहाचे दहा आणि अनामतीचे वीस रुपये देतं, ते वीस परत करायला चहावाल्याने प्रत्येकाचा कोड स्कॅन करायचा? गडकरी रंगायतनच्या मध्यंतरासारख्या पंधरा मिनिटांच्या गर्दीत तर रांगच मोडेल. टोकन ठेवलं तर थोडं जमेल: ३० द्या, चहा आणि बिल्ला घ्या, ग्लास आणि बिल्ला परत दिलात की २० रुपयांची नोट. नोटांची गड्डी सकाळीच बाजूला काढलेली हवी. स्टेशनला मी कागदी कपच राहू देईन. तिथे भांडण्यात अर्थ नाही.

घोडबंदरचा टँकर

बंद वर्तुळाच्या जागा, म्हणजे गाळे आणि ऑफिसं, तिथपुरतं मान्य. तीन टब असतील तरच. पण आमच्या भागात खरा कचरा होतो सोसायटीच्या कार्यक्रमांत. गणपतीच्या पाच दिवसांत चहा, सरबत आणि पाणी मिळून माणशी रोज तीन कप जातात. तिथे काय?

विसळणावळ

घनकचरा नियमांप्रमाणे शंभरावर माणसं जमणार असतील तर आयोजकाने कचरा जागीच वेगळा करायचा असतो. म्हणजे कपांचं डोकं तुमच्या मंडळालाच खावं लागणार. त्यापेक्षा स्टीलचे पेले घ्या. ३०० माणसांना, मध्ये एकदा धुणं जमत असेल तर ३००. नसेल तर ४५०. धुण्याला ग्लासामागे ठरावीक मजुरी आधीच बोला, 'कुणीतरी करेल' वर सोडलंत तर दुसऱ्या दिवशी कागदी कपांचं खोकं येतं. देताना मोजून, घेताना मोजून, वहीत सही. पाण्यासाठी मात्र पेले वाटत बसू नका, पिंपाजवळ साखळीने बांधलेला ओगराळा आणि शेजारी पेल्यांची चवड ठेवा.

आणि नाव घालून घ्या, रंगाचा ठिपका दोन धुण्यांत जातो. भांडीवाला यंत्राने कोरून देतो. बुडावर नको, कडेखाली बाहेरून घाला. चवड रचली की प्रत्येक पेल्याची कड वर दिसते, कुठल्या विंगचा पेला कुठे गेला ते न उपसता कळतं.