अनुभव धागा : घोषणेतला संगणक आणि आपल्या टेबलावरचा संगणक

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हापासून बेळगाव, निपाणी, खानापूर परिसरात संगणक बदलावा की आहे तोच चालवावा, हा प्रश्न अनेकांपुढे आहे. कंपन्यांच्या सोहळ्यांतले आकडे सर्वांनीच ऐकले आहेत. आपले काम कोणते आणि त्या कामाला नव्या यंत्राचा उपयोग किती झाला, एवढेच कृपया सविस्तर लिहावे.

उद्यमबाग, बेळगाव

आमच्या फाउंड्रीत पॅटर्नचे (साचा घडवण्यासाठी वापरायच्या नमुन्याचे) त्रिमितीय आराखडे आणि साच्यात धातू कसा भरेल, कोठे आकसेल, याचे सिम्युलेशन संगणकावर होते. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड आधीच्या पिढीतल्या ४०९० कार्डाइतकी कामगिरी देईल असे जाहीर केले आणि मालकांनी लगेच ते मागवण्याचा विषय काढला. त्या तुलनेचा मोठा आधार म्हणजे एआयने तयार केलेल्या फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रे : एक फ्रेम खरोखर काढायची आणि तिच्या जोडीला तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने भरायच्या. गेम खेळणाऱ्याला त्यामुळे हालचाल सलग दिसते, त्यात गैर काही नाही. परंतु रायझर (धातू आकसताना साच्याला जादा धातू पुरवणारा साठा) केवढा ठेवावा, याचे उत्तर अशा फ्रेममधून मिळत नाही. शिवाय ४०९० वर २४ जीबी मेमरी आहे आणि ५०७० वर १२ जीबी. आमचे सॉफ्टवेअर तर बहुतेक गणित प्रोसेसरवरच करते, म्हणून आम्ही जुने कार्ड तसेच ठेवून जास्त कोअरचा प्रोसेसर आणि ६४ जीबी रॅम घेतली. संध्याकाळी लावून सकाळी पाहावे लागणारे सिम्युलेशन आता एका पाळीत पुरे होते. मालकांना मात्र अजूनही ते कार्ड हवेच आहे!

निपाणी

माझा छपाईचा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, असे काम असते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. माझा सातव्या पिढीतला आहे. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली टाकण्याचा सल्ला अनेकांनी दिला, परंतु माझे जुने डीटीपी (पानांच्या मांडणीचे) सॉफ्टवेअर यूएसबी डाँगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही आणि त्या डाँगलचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा आहे. युनिकोडपूर्व, म्हणजे इतर प्रोग्राममध्ये नीट न वाचता येणाऱ्या जुन्या फॉन्टमधल्या शेकडो फाइल त्यातच आहेत. म्हणून इंटरनेटची तार काढून तो संगणक केवळ त्या फाइलींसाठी ठेवला, आणि मेल व ऑर्डरींसाठी साधा नवा संगणक घेतला.

खानापूर

पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते, त्यामुळे मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस या एआय-संगणकांच्या वर्गातला, स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप मी केवळ बॅटरीसाठी घेतला, आणि त्या बाबतीत समाधानी आहे. या वर्गासाठी ४० टॉप्सचा (सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा) एनपीयू, म्हणजे एआयच्या कामाचा वेगळा भाग, सक्तीचा आहे. माझ्या रोजच्या कामात त्याचे अस्तित्व जाणवत नाही. घेणाऱ्यांनी एक तपासावे : स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम रचनेच्या प्रोसेसरवर जुने प्रोग्राम बहुधा अनुवादित होऊन चालतात, परंतु ड्रायव्हर एआरएमचाच लागतो. माझा जुना स्कॅनर त्यामुळे मुलाच्या डेस्कटॉपला जोडला आहे.

शहापूर, बेळगाव

मी दुरुस्तीचे दुकान चालवतो. २०१७ च्या एएम४ (एएमडीच्या प्रोसेसरची एक बैठक) बोर्डांवर एएमडीच्याच रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसवण्याची सोय एएमडीने २०२२ मध्ये दिली, आणि आजही कोणत्याही सोहळ्यातील घोषणेपेक्षा तीच माझ्या ग्राहकांच्या अधिक उपयोगाची ठरते. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस (बोर्ड सुरू करणारी त्यातली मूळ प्रणाली) अद्ययावत करावी आणि ते काम यूपीएसवरच करावे. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. नवी जुळणी करणाऱ्यांना मी सध्या आधी रॅमचा भाव विचारायला सांगतो, कारण एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस तो फार चढला, आणि रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर त्याच डिसेंबरमध्ये क्रुशिअल या नावाने होणारी ग्राहकविक्री बंद करण्याचे जाहीर केले. घरी डीडीआर४ रॅमच्या चालू कांड्या पडून असतील, तर त्या सांभाळून ठेवाव्यात.