बातमीत न येणारा भाग
कुणीतरी लिहिलंय की स्त्री अभ्यासवाल्यांच्या (म्हणजे विद्यापीठात स्त्रियांचं जगणं आणि काम हा विषय शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांच्या) बातम्या म्हणजे ८ मार्चचं व्याख्यान, पोस्टर स्पर्धा आणि ग्रुप फोटो. बातम्यांपुरतं पटलं, पण वर्गात काय चालतं ते तिथे येतच नाही ना. बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र विभाग नसतोच, शिकवणारे इतिहास, समाजशास्त्र, साहित्य असे इकडून तिकडून उसने घेतलेले, त्यांचं प्रमोशन मूळ विभागाच्या हातात, मग इथलं काम हिशेबात धरतंय कोण! अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचा स्त्री अभ्यासाचा प्रोग्राम १९७० चा, आपल्याकडे मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं केंद्र १९७४ चं, म्हणजे विषय काही कालचा नाही.

वर्गात काय चालतं म्हणाल तर आम्हाला एक असाइनमेंट होती, घरातल्या एका बाईचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटींत भरून आणायचा. सोप्पं वाटलेलं, पण एकाच चौकटीत स्वयंपाक, मुलाचा अभ्यास आणि सासऱ्यांचं औषध, आता मुख्य काम कुठलं लिहायचं यावरच अख्खं लेक्चर गेलं आणि "आई घरीच असते" म्हणणारा मुलगाच सगळ्यात जास्त भांडत होता. २०१९ चा सरकारी टाइम यूज सर्व्हे, म्हणजे लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो याची पाहणी, पण अशाच अर्ध्या तासाच्या स्लॉटवर झालाय, त्याचे आकडे बघा एकदा, बिनपगारी घरकामाचे खासकरून.