वणवा आणि चराई: नैसर्गिक पुनरुत्पादनासाठी आधी काय थांबवावे?

प्रश्न
विरळ झालेल्या एका वनक्षेत्रात लागवड न करता जंगल आपोआप वाढू द्यावे, असा विचार आहे. तेथे जवळजवळ दर उन्हाळ्यात वणवा लागतो आणि वर्षभर गुरे व शेळ्या चरतात. रोपे भरपूर दिसतात, मात्र ती गुडघ्याच्या वर जात नाहीत. आधी काय थांबवावे? चराई बंद केल्यास गवत माजून वणवा अधिक भडकेल, ही भीती खरी आहे का?

उत्तर १
गुडघ्याएवढी दिसणारी ही रोपे पुष्कळदा बरीच जुनी असतात. साग किंवा साल यांचा शेंडा जळाला वा खुडला गेला, तरी ते बुंध्याशी पुन्हा फुटतात आणि दरम्यान मूळ जाडावत जाते. अशा रोपाला सलग काही वर्षे उसंत मिळाली, की त्याचा शेंडा ज्वाळांच्या आणि शेळीच्या तोंडाच्या वर निघून जातो. अडचण अशी, की वणव्यानंतरचा कोवळा फुटवा खायला जनावरे नेमकी त्याच तुकड्यात शिरतात आणि आगीतून वाचलेले रोप चराईत संपते. त्यामुळे ‘आधी काय’ हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. निदान जळलेल्या तुकड्यात तरी चराई थांबलीच पाहिजे.

उत्तर २
वणवा केव्हा लागतो आणि किती वर्षांनी परततो, हेही पाहावे. सालाचे बी पावसाच्या तोंडावर गळते आणि थोडेच दिवस जिवंत राहते, म्हणून बी गळल्यानंतर आग लागली तर त्या वर्षीचे पुनरुत्पादन बुडालेच. आगीला सरावलेल्या जातींनाही अंतर लागतेच. लॉजपोल पाइन या उत्तर अमेरिकेतील सूचिपर्णी झाडाचे राळेने बंद झालेले शंकू उष्णतेने उघडतात. १९८८ च्या वणव्यांनंतर अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात त्याची दाट रोपे उगवली, परंतु त्यांतील काही कोवळे जंगल २०१६ मध्ये पुन्हा जळाले तेव्हा रोपे कितीतरी कमी आली.

उत्तर ३
भीती खरी आहे, कारण न चरलेले गवत वाळले की तेच वणव्याचे इंधन होते. तरीही त्यासाठी मोकाट चराई चालू ठेवू नये. गवत कापून नेऊ द्यावे आणि उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ कराव्यात. गाय मुख्यतः गवत खाते, शेळी मात्र पाला आणि शेंडे ओरबाडते, म्हणून रोपे उंच झाल्यावर मोजकी गुरे सोडता येतील, शेळ्या नाहीत. ओल्या जमिनीवर तर गुरेही नकोत, कारण खुरांनी माती घट्ट होऊन पाणी मुरत नाही. वेडी बाभूळ जवळपास असल्यास तिच्या शेंगा खाल्लेली जनावरे आत घेऊ नयेत. शेणातून तिचे बी सर्वत्र पसरते.