मदत हवी आहे: तापमान वाढलं तरी परजीवी कमी का होतात? उद्या सेमिनार!!

संत्र्याची साल: उद्या ११ वाजता सेमिनार. विषय हवामान बदल आणि थंड प्रदेशातले परजीवी. 'तापमान वाढलं की परजीवी वाढतात' असं १४ स्लाईडभर सांगून झालं आणि १५व्या स्लाईडवरची रेघ ऐन उन्हाळ्यात खाली चालली आहे. काऊन? सरांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. लिंका नकोत, गूगल करून झालं. सोप्यात सांगा.

सेमिनरी हिल्स: कोणता परजीवी? कोणत्या प्राण्यातला? उभ्या अक्षावर काय मोजलंय?

संत्र्याची साल: थंडीतले हो. आर्क्टिकचे.

सेमिनरी हिल्स: 'डॉक्टर, दुखतंय. कुठं? अंगात.' असं झालं हे.

गोरेवाडा वॉकर: थंडीत गोचीड मरतात हे विसरा आता. आमच्या कुत्र्याला यंदा जानेवारीतही होते. कडुनिंबाचा पाला उकळा, त्या पाण्याने आंघोळ घाला. आठवड्यात फरक.

तर्री जास्त: दादा, त्याला आर्क्टिकचं विचारायचं आहे, तुमच्या मोतीचं नाही. आणि कडुनिंबाने गोचीड पडत नाहीत, कुत्रा फक्त कडू होतो.

गोरेवाडा वॉकर: आमच्या आजोबांपासून करून राहिलो आम्ही. चौदा वर्षं जगला कुत्रा.

बर्डीवरून: सायबेरियाचं टाक ना. २०१६ साली यामलमध्ये बर्फाळ जमीन वितळली, दोन हजारांवर रेनडिअर मेले, एक मुलगाही गेला. सर गप्प बसतील.

सेमिनरी हिल्स: सर गप्प नाही बसणार, नापास करतील. तो अँथ्रॅक्स होता, जिवाणू. विषय परजीवींचा आहे.

बर्डीवरून: जिवाणूही दुसऱ्याच्या जिवावरच जगतो, मग परजीवी कसा नाही?

सेमिनरी हिल्स: परजीवीशास्त्रात जंत, गोचीड, उवा, आदिजीव एवढेच शिकवतात. वाद नंतर घालू.

हिमालय वेडा: मूस घे, ते थंडीतलं भलंमोठं हरीण. अमेरिकेत मेन, न्यू हॅम्पशायरकडे हिवाळी गोचिडाने एकेका मूसच्या अंगावर दहा-दहा हजारांनी गर्दी केलेली असते. शरद ऋतूत गोचिडाची पिल्लं झुडपांवर झुबक्याने वाट बघत बसतात. पहिला बर्फ लवकर पडला की त्यांचा खेळ आटोपला. हल्ली बर्फ उशिरा पडतो, म्हणजे त्यांना बसायला जास्त दिवस. मूस खाजवून खाजवून केस उडवतो, पार पांढरट दिसायला लागतो, आणि वासरं वसंतात रक्त कमी होऊन मरतात. एवढं सांगितलंस तर आलेखाकडे कोणी बघत नाही.

संत्र्याची साल: पण रेघ खाली का जाते??? इथं सगळेच वाढ सांगून राहिले.

सेमिनरी हिल्स: नाव सांग मग.

संत्र्याची साल: ओस्टरटॅजिया ग्रुहनेरी. कॅरिबूच्या पोटातला जंत. आलेख संसर्गाच्या हंगामाचा आहे. सांगितलं होतं ना आधी?

सेमिनरी हिल्स: नव्हतं. आता ऐक. अंडी लेंडीतून बाहेर पडतात, अळ्या बाहेरच वाढतात. ऊब मिळाली की लवकर वाढतात, इथवर तुझ्या १४ स्लाईड बरोबर. पण संसर्ग करणारी तिसऱ्या अवस्थेतली अळी काही खात नाही. आधीच्या कातेचं वेष्टन तिच्या अंगावर तसंच असतं, तोंड झाकलेलं. साठवलेल्या चरबीवरच तिला दिवस काढायचे. ऊन वाढलं की शरीराचा खर्च वाढतो, चरबी लवकर संपते, अळी मरते. म्हणजे तयार लवकर होते आणि मरतेही लवकर. मधल्या उन्हात मरणं वरचढ झालं की रेघ खाली. मॉडेल म्हणतं, तापमान वाढत गेलं तर वसंत ते शरद असा एकच सलग हंगाम तुटेल आणि दोन वेगळे हंगाम होतील, एक उन्हाळ्याआधी, एक नंतर.

आपल्याकडे बघ. मे महिन्यात रखरखीत माळावर मेंढीला जंत लागतात का? जुलैत हिरवळ आली की लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर जंताचं औषध पाजतात ते उगाच नाही. आपल्याकडे ओलावाही महत्त्वाचा, पण मुद्दा कळला असेल.

तर्री जास्त: म्हणजे एकूण जंत कमी होणार?

सेमिनरी हिल्स: सरसकट नाही. कॅनडात मस्कऑक्सचा, म्हणजे आर्क्टिकमधल्या त्या लांब केसांच्या, बैलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचा, फुप्फुसातला एक जंत आहे, त्याची अळी शंख नसलेल्या गोगलगायीत वाढते. पूर्वी तिला दोन उन्हाळे लागायचे, आता एका उन्हाळ्यात भागतं. तिथे ऊब फायद्याचीच ठरली. प्रत्येक जंताचा हिशेब वेगळा.

हिमालय वेडा: तेच म्हणत होतो मी, मूस.

सेमिनरी हिल्स: मूसचं गोचीड आहे, जंत नाही.

संत्र्याची साल: मिळालं! पहिल्या १४ स्लाईडमधलं 'वाढतातच' खोडून राहिलो. आणखी एक, कॅरिबू म्हणजे नेमकं काय असं विचारलं तर?

बर्डीवरून: रेनडिअर म्हण. अमेरिकेत त्यालाच कॅरिबू म्हणतात.

गोरेवाडा वॉकर: मग माझ्या कुत्र्याला जानेवारीत गोचीड कसे?