प्रति: सहावीतल्या मुलांना राज्यघटना समजते का?

वर कुणीतरी लिहिलंय की या वयात कलमं वगैरे म्हणजे नुसती घोकंपट्टी, मला नाही पटत. आम्ही बडोद्याचे, भाचीला घेऊन कमाटी बागेत गेलो होतो, तिथे संकल्प भूमी म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक आहे. तिला एवढंच सांगितलं की 1917 साली बाबासाहेब परदेशात शिकून गायकवाड सरकारच्या नोकरीत आले पण जात कळल्यावर राहत्या जागेतून त्यांना बाहेर काढलं, शहरात कुठेच जागा मिळेना म्हणून ते इथे झाडाखाली येऊन बसले. लगेच प्रश्न, "मग पोलिसात का नाही गेले?" आता याच्याहून चांगला नागरिकशास्त्राचा तास कुठला हो! तेव्हा पोलिसांना दाखवायला तसा कायदाच नव्हता हे सांगितलं आणि घरी येऊन राज्यघटनेतलं कलम 15 (जात, धर्म वगैरेंवरून भेदभावाला बंदी) आणि 17 (अस्पृश्यता बंद) वाचायला दिलं. कलम 15 मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते असं सगळं चक्क नाव घेऊन लिहिलंय, ते मुलांना पटकन कळतं, आणि विहीर का लिहावी लागली हेही मुलं स्वतःच विचारतात. फक्त कलमांचे नंबर पाठ करायला लावू नका प्लीज.