मदत हवी आहे: पिवळा रॅस मासा चार दिवस गायब, वाळू उकरू का?

नमस्कार मंडळी,

ठाण्याला घरी खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे, साधारण २०० लिटरची. सव्वा वर्ष झालं. आत दोन क्लाउनफिश, एक सिक्सलाइन रॅस (पट्टेवाला छोटा मासा) आणि थोडे मऊ कोरल. खारेपण १.०२५, तापमान २६. आजवर मोठं संकट आलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानातून पिवळा रॅस आणला, दुकानदार त्याला यलो कोरिस म्हणतात तो. हळदीत बुडवून काढल्यासारखा, पाठीच्या पंखावर काळे ठिपके. माल बालीहून आदल्याच दिवशी आला होता म्हणे. तासभर ठिबक लावून, म्हणजे टाकीचं पाणी थेंबथेंब त्याच्या पाण्यात मिसळून, सोडला. सिक्सलाइनने दोनदा पाठलाग केला, दहा मिनिटांत हा दिसेनासा झाला. आज मंगळवार, अजून दर्शन नाही.

फरशी, स्टँडच्या मागची फट, सम्प (फिल्टरची वेगळी टाकी), फिल्टरची पिशवी, सगळं पाहिलं. टाकीवर काच आहे, पण मागे पाइपसाठी दोन बोटं जागा मोकळी आहे. पाण्यात अमोनिया शून्य (मासा कुजला तर तो वाढतो). तळाला पुढच्या बाजूला इंचभर कोरलचा जाड चुरा आहे, मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र प्रवाहाने बारीक वाळूचा ढीग केलाय, तीनेक इंचांचा. आम्ही दोघं रात्री आठला घरी येतो म्हणून दिवे दुपारी १२ ते रात्री १० ठेवलेत.

आई म्हणते, "मेलाय तो. पाणी नासायच्या आत काढ." वाळू उकरून बघू का? जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

प्रतिसाद १

उकरू नका! हा हॅलिकोरिस गटातला मासा. रोज रात्री वाळूत शिरून झोपतो आणि घाबरला की दिवसाढवळ्याही डोकं खुपसून आत जातो. नवीन टाकीत आठवडाभर न दिसणं नेहमीचंच, माझा एक तर अकरा दिवसांनी उगवला होता. तुम्ही चमच्याने ढवळलंत तर त्याला इजा होईल, आणि बाहेर आलाच तर सिक्सलाइन वाट बघतोच आहे.

माझ्या मते खरी चूक तळाची आहे. जाड चुऱ्यात घुसताना त्याचं अंग खरवडतं, मग तिथे जंतुसंसर्ग होतो. साखरेसारखी बारीक वाळू दोन-तीन इंच हवी, निदान एका कोपऱ्यात तरी. तुमच्या प्रवाहाने हे काम फुकटात केलंय, मासा तिथेच असणार.

प्रतिसाद २

घड्याळाकडे कोणी बघितलं का? बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे सव्वासहाच्या सुमारास मावळतं, म्हणजे आपले पावणेचार. माशाच्या अंगात अजून तेच घड्याळ चालू आहे. तुमचे दिवे १२ ला लागतात, हा चारच्या आत अंथरुणात, आणि तुम्ही आठला टॉर्च घेऊन शोधताय! तो पहाटे खोलीत उजेड झाला की बाहेर येत असेल, नाहीतर दुपारी. दुपारी घरी कोण असतं? त्यांना १२ ते ३ मध्ये लांबून, न हलता बघायला सांगा. दिवे लागल्यावर थोडं मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाद्य) टाकलं तर उत्तम. हळूहळू तो तुमच्या वेळेवर येईल.

प्रतिसाद ३

वाळूचं वर आलंच आहे. मी सिक्सलाइनबद्दल सांगतो. दिसायला तीन इंच, पण एकदा जागा धरली की भाडेकरू घरमालक होतो. खरं तर त्याला सगळ्यात शेवटी आणायचं असतं. आता काढायचा म्हणजे सगळे दगड उपसावे लागतील, तो धडाका आत्ता नको. बाजूच्या काचेला बाहेरून छोटा आरसा चिकटवा. काही दिवस स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसेल. तेवढ्यात पिवळा स्थिरावतो. नाही जमलं तर सिक्सलाइनला जाळीच्या खोक्यात आठवडाभर कोंडा.

आणि ती दोन बोटांची फट आजच बुजवा. रॅस घाबरला की वर उसळतो, त्याला तेवढी जागा पुरते. खिडकीची डासांची जाळी कापून लावली तरी चालते. माझा एक फ्लॅशर रॅस याहून लहान फटीतून गेला, सकाळी सोफ्याखाली सापडला. त्यानंतर फ्लॅशर आणला नाही.

अवांतर: सिक्सलाइन वाळूत शिरत नाही, दगडाच्या कपारीत चिकट द्रवाचा कोष करून त्यात झोपतो. रात्री टॉर्च मारला तर दिसेल. मेला समजून काढू नका, असं करणारे लोक मी पाहिलेत.

धागाकर्ता (बुधवार)

सगळ्यांचे आभार. आईला १२ वाजता खुर्ची टाकून बसवलं. साडेबाराला ऑफिसात फोन: "तुझा पिवळा बाहेर आलाय, ढिगातनं निघाला. आणि तो पट्टेवाला आरशापाशी वेड्यासारखा करतोय." मायसिसचे चार-पाच दाणे खाल्ले म्हणे, साडेतीनला परत गडप. घरी येईपर्यंत अर्थातच काही दिसलं नाही. जाळी लावली.

आता पुढची शंका. बारीक वाळू वाढवायचीय, पण भरल्या टाकीत ओतली तर सगळं दूध होईल ना? कोरलवर बसेल?

प्रतिसाद १

आधी बादलीत पाणी नितळ होईपर्यंत धुवा. मग पीव्हीसी पाइप तळापर्यंत धरून त्यातून थोडी थोडी सोडा, पंप बंद ठेवून. एका वेळी एकच कोपरा, आणि डावा शेवटी. दुपारी तो बाहेर दिसत असताना करा, सकाळी किंवा साडेतीननंतर नको. खाली कोणीतरी झोपलेलं असेल.