प्रार्थना आणि गोळ्या, दोन्ही

प्रार्थनेनं खरंच बरं वाटतं की ती नुसती मनाची समजूत, असं एका ताईंनी विचारलंय. माझ्यापुरतं सांगते. आम्ही इंदूरचे. हे गेले त्यानंतर वर्षभर मला झोप नव्हती. रात्री दोनला उठून त्यांचा चष्मा पुसत बसायचे. इथली चर्चमधली उपासना हिंदीत, पण रडू यायचं ते मराठीत.

एकदा मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक वडील (जबाबदार ज्येष्ठ) घरी आले. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, ५व्या अध्यायात, सांगितलंय तसं तेल लावलं, कपाळाला. डोक्यावर हातही ठेवला. म्हणाले, "आज तुम्ही बोलू नका, मी बोलतो देवाशी." त्या रात्री चार तास झोपले. चार तास! तेव्हा ते केवढं होतं.

डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या. बंद करू नका, असं पाळकांनीच, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनीच, बजावलं होतं.

त्याच अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करायलाही सांगितलंय, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. शेवटच्या आजारपणात मी यांच्यावर किती चिडायचे, ते पाळकबाईंना पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं, तेव्हा छातीवरचं ओझं हललं. त्या काही बोलल्या नाहीत, हात धरून बसल्या. चष्मा आता बायबलशेजारी असतो.